एक ट्रक अडवला तर साम्राज्याचे काय बिघडते?
महाळुंगे पडवळच्या बाबू गेनूंची लढाई समजून घेताना

पुणे-नाशिक रस्त्याने मंचर मागे टाकले की नारायणगावच्या अलीकडे कळंब लागते. महाळुंगे पडवळ हे बाबू गेनू सैद यांचे गाव याच परिसरातले. आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला घोडनदीवर डिंभे धरण आहे. त्याच्या जलाशयाला ‘हुतात्मा बाबू गेनू सागर’ म्हणतात. मुंबईत काळबादेवीला त्यांच्या नावाचा रस्ता आहे, पुण्यात चौक आहे. १२ डिसेंबर हा त्यांचा स्मृतिदिन अनेक ठिकाणी स्वदेशी दिन म्हणून पाळतात. शाळकरी मुलांनाही एवढे ठाऊक असते, की परदेशी कापडाचा ट्रक अडवताना बाबू गेनूंनी प्राण दिले.

पुढचा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही. एका ट्रकमध्ये कापडाच्या गाठी असून असून किती असणार? तो दहा मिनिटे थांबला काय, किंवा उलट्या वाटेने गेला काय, जगभर पसरलेल्या साम्राज्याला त्याने काय फरक पडणार होता? आणि फरक पडणार नव्हता, तर मग त्या एका ट्रकसाठी पोलिसांचा बंदोबस्त कशाला लागला? बावीस वर्षांचा एक गिरणी कामगार वेडाच्या भरात चाकाखाली गेला, असे त्याचे उत्तर कोणी देत असेल तर ते चूक आहे. त्या ट्रकपर्यंत पोचणारी वाट आखलेली होती. ती कशी, हे टप्प्याटप्प्याने पाहू.

गाव सुटते, पण तुटत नाही

बाबू गेनूंचा जन्म १९०८ चा. वडील लहानपणीच गेले. आई कोंडाबाई पोटासाठी मुंबईला जाऊन घरकाम करू लागली. थोडा मोठा झाल्यावर मुलगाही मुंबईला गेला आणि कापड गिरणीत लागला. जुन्नर-आंबेगाव-खेडच्या हजारो घरांची हीच कहाणी आहे. डिंभे धरण फार नंतरचे. त्या काळी तालुक्याच्या पूर्व भागातली शेती पावसाच्या भरवशावर होती. बाजरी-ज्वारीवर वर्ष निघायचे नाही, सारा चुकायचा नाही, आणि एक बैल मेला तरी सावकाराचे दार गाठावे लागायचे. सावकारी पाश इतका जुना होता की १८७५ साली पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतेच जाळली. इतिहासात त्याला ‘दख्खनचे दंगे’ म्हणतात.

मुंबईला गेलेला माणूस गाव सोडून गेलेला नसे. तो गाववाल्यांच्या खोलीत राही, खानावळीत जेवे, मनिऑर्डर पाठवी, जत्रेला परत येई. गिरणीत कामाला लावणारा जॉबर बहुधा ओळखीतला किंवा मुलखातला असे. त्यामुळे परळ-लालबागच्या चाळीत झालेली सभा आठ-पंधरा दिवसांत गावच्या पारावर पोचायची आणि गावचा दुष्काळ चाळीत कळायचा. चळवळीची बातमी तळापर्यंत नेणारी ही वाट वर्तमानपत्रापेक्षा भरवशाची होती, कारण ती वाचता न येणाऱ्यालाही खुली होती.

ज्या वर्षी बाबू गेनू जन्मले, त्याच वर्षी मुंबईच्या गिरणी कामगारांनी एक नवी गोष्ट करून दाखवली होती. २२ जुलै १९०८ रोजी लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या खटल्यात सहा वर्षांची शिक्षा झाली. कामगारांनी वर्षाला एक दिवस या हिशेबाने सहा दिवस गिरण्या बंद ठेवल्या. मागणी पगाराची नव्हती, बोनसची नव्हती. रस्त्यावर गोळीबार झाला, माणसे मेली. हा देशातला कामगारांचा पहिला मोठा राजकीय संप मानला जातो. बाबू गेनू गिरणीत शिरले तेव्हा त्या संपात भाग घेतलेले कामगार अजून साच्यांवर उभे होते.

रुपयाच्या भावात दडलेली जकात

आता कापडाकडे वळू. इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यातल्या गिरण्यांचे सगळ्यात मोठे गिऱ्हाईक हिंदुस्थान होते. पहिल्या महायुद्धाच्या आधी वर्षाला सुमारे तीनशे कोटी वार कापड तिकडून इकडे येत असे. ही बाजारपेठ नुसत्या स्वस्त मालाने टिकली नव्हती; तिला कायद्याचा टेकू होता.

पहिला टेकू कराचा. १८९६ पासून परदेशी कापडावर साडेतीन टक्के आयात जकात होती. सरकारी तिजोरीला ती हवी होती, पण लँकेशायरच्या मालकांनी तक्रार केली की याने हिंदी गिरण्यांना फायदा होतो. म्हणून इथल्या गिरण्यांच्या कापडावरही साडेतीन टक्के अबकारी कर बसवला गेला. आपल्याच देशातल्या मालाला परक्या मालाइतका कर! हा कर १९२५ च्या अखेरीस थांबला आणि १९२६ मध्ये रद्द झाला.

दुसरा टेकू अधिक बारीक, म्हणून समजायला अवघड. १९२७ मध्ये सरकारने रुपयाचा भाव १८ पेन्स ठरवला. व्यापारी आणि काँग्रेस पुढारी १६ पेन्सची मागणी करत होते. दोन पेन्सने काय होते, ते उदाहरणाने पाहा. एक पौंड म्हणजे २४० पेन्स. इंग्लंडमध्ये एक पौंड किंमत असलेले कापड इथल्या व्यापाऱ्याला १६ पेन्सच्या भावाने १५ रुपयांना पडले असते. १८ पेन्सच्या भावाने तेच कापड १३ रुपये ५ आणे ४ पैला पडू लागले. कोणताही कर कमी न करता परदेशी कापड सुमारे ११ टक्क्यांनी स्वस्त झाले. उलट बाजूने, आपला कापूस परदेशात विकणाऱ्या शेतकऱ्याच्या हाती तेवढेच रुपये कमी पडू लागले. कळंबच्या शेतकऱ्याला पेन्स म्हणजे काय हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते, पण हा भाव त्याच्या घरापर्यंत पोचत होता.

हे निर्णय घेणाऱ्यांना तो जाब विचारू शकत होता का? १९१९ च्या सुधारणा कायद्याने मताचा हक्क दिला, पण ठराविक मालमत्ता असलेल्यांना, ठराविक सारा किंवा कर भरणाऱ्यांना. बाबू गेनूंसारख्या मजुराला मत नव्हतेच. कायदेमंडळाचा दरवाजा बंद असलेल्या माणसाकडे राजकारण करायला उरतात त्या दोन गोष्टी: त्याचे श्रम आणि त्याची खरेदी. बहिष्काराची चळवळ या दोन गोष्टींवर उभी राहिली.

दारे कुठे धरायचे?

शेताला पाणी देताना दारे धरणारा माणूस धरणावर जात नाही. धरण कोसभर लांब, त्याच्या दरवाजांची किल्ली दुसऱ्याच्या हाती. पण पाणी अखेर पाटातून, चारीतून, सरीतून त्याच्याच बांधाशी येते. तिथे खोऱ्याने चार ढेकळे लावली की पाणी वळते. कापडाच्या बहिष्काराचे काम असेच चाले. मँचेस्टरच्या गिरण्या बंद पाडणे कोणाच्या हाती नव्हते. पण तिथले कापड आंबेगावच्या माणसाच्या अंगावर येईपर्यंत मुंबईचे बंदर, गोदाम, मुळजी जेठा मार्केटमधला घाऊक व्यापारी, दलाल, तालुक्याच्या गावातला दुकानदार आणि शेवटी गिऱ्हाईक असा प्रवास करी. या प्रत्येक टप्प्यावर उचलणारा, वाहणारा, विकणारा आणि घेणारा हात हिंदी होता. प्रवाह तिथे अडवता येत होता.

१९३० मध्ये काँग्रेसने हे काम तीन ठिकाणी केले.

पहिले ठिकाण गिऱ्हाईक. दुकानापुढे स्वयंसेवक उभे राहत आणि येणाऱ्याला हात जोडून विनंती करीत. याला ‘निरोधन’ किंवा सरळ ‘पिकेटिंग’ म्हणत. शिवी द्यायची नाही, अंगाला हात लावायचा नाही, पोलिसाने मारले तर उलट हात उगारायचा नाही, असे नियम होते. मुंबईत देशसेविकांनी हे काम फार नेटाने केले. घरातली बाई केशरी साडी नेसून दुकानापुढे उभी आहे, हे पाहिल्यावर आत जायला गिऱ्हाईक कचरत असे.

दुसरे ठिकाण व्यापारी. त्याने परदेशी कापडाची नवी मागणी नोंदवायची नाही, अशी शपथ त्याच्याकडून घेतली जाई. अनेक व्यापाऱ्यांनी ती घेतली. देशप्रेम हे एक कारण होतेच. शिवाय जागतिक मंदीने भाव रोज खाली येत होते, त्यामुळे नवा माल मागवणे तसेही धोक्याचे झाले होते.

तिसरे ठिकाण आधीच गोदामात पडलेला माल. तो काँग्रेसच्या शिक्क्याने बंद करून ठेवायचा. खरी अडचण इथे होती. व्यापारी माल उधारीवर किंवा कर्जाऊ पैशावर उचलतो. गाठी पडून राहिल्या की व्याज वाढत जाते आणि भाव मात्र उतरत जातो. म्हणून शिक्का लागलेला, अडकलेला माल कसाही करून बाजारातून हलवायचा, असा प्रयत्न परदेशी पेढ्या आणि काही व्यापारी करू लागले. माल हलायचा तर तो रस्त्यावरून जाणार, आणि रस्त्यावर स्वयंसेवक उभे असणार.

डिसेंबर १९३० मधल्या त्या ट्रकचे मोल इथे कळते. तो ट्रक निर्धोक गेला असता, तर दुसऱ्या दिवशी दहा गेले असते. शिक्का मोडता येतो, हे बाजाराला कळले असते. मग शपथ घेतलेल्या व्यापाऱ्याला वाटले असते, की आपणच एकट्याने नुकसान का सोसायचे? बहिष्कार परस्परांवरच्या भरवशावर टिकतो. सरकारलाही हे पक्के कळत होते, म्हणूनच कापडाच्या गाठींना पोलिसांचा पहारा मिळाला.

कार्यकर्ता कसा घडे, कसा टिके

मिठाचा सत्याग्रह ६ एप्रिल १९३० रोजी दांडीला सुरू झाला आणि महिन्याभरात देशभर पसरला. ५ मे रोजी गांधीजींना अटक झाली. त्यासाठी सरकारने वापरला तो १८२७ चा मुंबई इलाख्यातला जुना नियम, कारण त्याखाली खटला चालवावा लागत नव्हता. गांधीजींना येरवड्याला ठेवले. पण चळवळ थांबली नाही, कारण पुढारी पकडले जाणार हे धरूनच रचना केलेली होती. मुंबईत युद्धसमिती असे. तिचा प्रमुख, म्हणजे सर्वाधिकारी, पकडला गेला की आधीच ठरलेला दुसरा त्याची जागा घेई. तो गेला की तिसरा. सायक्लोस्टाइल यंत्रावर काढलेली काँग्रेस पत्रिका हातोहात फिरे. पहाटे प्रभातफेऱ्या निघत आणि आज कुठे काय आहे ते गल्लीगल्लीत कळे.

बाबू गेनू या रचनेत तळाशी होते. तानाजी पथकाचे ते स्वयंसेवक. वडाळ्याच्या मिठागरांवर त्या उन्हाळ्यात मुंबईकरांनी धडका मारल्या, लाठ्या खाल्ल्या. त्या सत्याग्रहात त्यांनी भाग घेतला आणि तुरुंगवास भोगला. सुटल्यावर ते पुन्हा परदेशी कापडाच्या निरोधनात उतरले.

त्यांच्यासारख्या कामगाराला हे किती महाग पडे, याचा विचार करावा. १९२२ च्या कारखाना कायद्याने गिरणीत आठवड्याला ६० तासांची मर्यादा होती, म्हणजे रोज दहा तास काम. एक खाडा झाला की त्या दिवसाची मजुरी गेली. तुरुंगात गेले की जागेवर बदली कामगार उभा. वकिलाची वकिली सुटून आल्यावर पुन्हा चालू होऊ शके. साच्यावरची जागा पुन्हा मिळेलच असे नसे.

शिवाय गिरणगावात मते दुभंगलेली होती. १९२८ साली दीड लाखाच्या आसपास कामगारांनी सहा महिने संप केला होता. त्यातून गिरणी कामगार युनियन उभी राहिली. मार्च १९२९ मध्ये मीरतच्या कम्युनिस्ट कट खटल्यासाठी तिच्या पुढाऱ्यांची धरपकड झाली. १९३० मध्ये लाल बावट्याचे पुढारी काँग्रेसच्या चळवळीपासून लांब राहिले. स्वदेशीने गिरणी मालकांचा नफा वाढेल, कामगाराला काय मिळणार, हा त्यांचा सवाल होता. सवाल खोटा नव्हता. काँग्रेसनेही सगळ्या गिरण्यांना सरसकट स्वदेशीचा दाखला दिला नाही. परदेशी सूत वापरणाऱ्या गिरण्यांवर बहिष्कार होता. तरीही एक गोष्ट उरतेच. मालकाशी असलेले भांडण आणि साम्राज्याशी असलेले भांडण ही दोन्ही कामगाराला एकाच वेळी लढावी लागत होती. बाबू गेनूंनी दुसऱ्या भांडणात उडी घेतली, म्हणून पहिले मिटले असे मानण्याचे कारण नाही.

कायद्याने ठेवलेली अरुंद जागा

कार्यकर्त्याच्या आयुष्यात कायदा तीन पायऱ्यांनी येई.

पहिली पायरी बोलण्यावर. भारतीय दंड संहितेत १८७० मध्ये घातलेले राजद्रोहाचे १२४-अ कलम सरकारबद्दल अप्रीती उत्पन्न करणे हाच गुन्हा ठरवी. टिळकांना १८९७ मध्ये आणि १९०८ मध्ये याच कलमाखाली शिक्षा झाल्या.

दुसरी पायरी जमण्यावर. १४४ कलम लावले की सभा आणि मिरवणूक बेकायदा. त्याहून मोठे हत्यार वटहुकमाचे. व्हाइसरॉय कायदेमंडळाला न विचारता सहा महिन्यांपुरता कायदा काढू शकत असे. १९३० मध्ये लॉर्ड आयर्विन यांनी असे वटहुकूम एकापाठोपाठ काढले: एक छापखान्यांसाठी, एक बेकायदा ठरवलेल्या संघटनांसाठी आणि मे महिन्याच्या अखेरीस एक खास निरोधन मोडण्यासाठी. दुकानापुढे हात जोडून उभे राहणे हा त्या वटहुकमाने गुन्हा झाला.

तिसरी पायरी तुरुंगात. लाहोरच्या तुरुंगात ६३ दिवसांच्या उपोषणानंतर १३ सप्टेंबर १९२९ रोजी जतींद्रनाथ दास मरण पावले. त्यानंतरच्या गदारोळातून १९३० च्या सुरुवातीला कैद्यांचे अ, ब आणि क असे तीन वर्ग झाले. वर्ग ठरवताना कैद्याची सामाजिक पातळी, शिक्षण आणि राहणीची सवय पाहिली जाई. त्यामुळे एकाच सत्याग्रहात, एकाच कायद्याखाली पकडलेले दोघे वेगवेगळ्या तुरुंगात राहत. बॅरिस्टरला पुस्तके आणि घरचे कपडे. शेतकरी-कामगारांना बहुधा क वर्ग, म्हणजे जाडेभरडे अन्न आणि सक्तमजुरी. नोव्हेंबर १९३० मध्ये या चळवळीतले २९ हजारांहून अधिक लोक तुरुंगांत होते. त्यातल्या बहुसंख्यांची नावे पुस्तकांत नाहीत.

१२ डिसेंबर १९३०

तो शुक्रवार होता. काळबादेवीच्या हनुमान गल्लीतून परदेशी कापडाचे ट्रक पोलीस बंदोबस्तात निघणार, ही बातमी आधीच फुटली होती. स्वयंसेवक आणि बघे मोठ्या संख्येने जमले.

इथे नेहमीच्या निरोधनापेक्षा परिस्थिती वेगळी होती. दुकानापुढे विनंती करायला गिऱ्हाईक असते. चालत्या ट्रकपुढे गिऱ्हाईक कोण? विनंती करण्याजोगा एकच माणूस असतो, तो म्हणजे चाकामागे बसलेला ड्रायव्हर, आणि त्याच्याशी बोलायला वेळ नसतो. अशा वेळी स्वयंसेवकाचे शरीर हीच विनंती होते. माल पुढे न्यायचा असेल तर मला चिरडून न्यावा लागेल, ते तू करशील का, असा तो प्रश्न असतो. स्वयंसेवक एकामागून एक ट्रकपुढे येत होते, पोलीस त्यांना ओढून बाजूला करत होते. बाबू गेनू पुढे झाले आणि तिथून हटले नाहीत. ट्रक त्यांच्या अंगावरून गेला. त्याच दिवशी त्यांचा मृत्यू झाला.

लोकांत रुजलेली हकिगत अशी, की हिंदी ड्रायव्हरने आपल्या देशबांधवावर गाडी घालायला नकार दिला, तेव्हा गोऱ्या पोलीस अधिकाऱ्याने स्वतः चाक हाती घेतले. सरकारची बाजू अशी, की हा अपघात होता. लोकांनी आपल्या हकिगतीत ड्रायव्हरचा नकार जपून ठेवला, याला अर्थ आहे. साम्राज्य चालते ते हिंदी हातांनी, आणि तो हात थांबला की गोऱ्या अधिकाऱ्याला स्वतः खाली उतरावे लागते, हे चळवळीचे सगळे शास्त्र त्या एका प्रसंगात सामान्य माणसाला लख्ख दिसले.

मुंबईत हरताळ पडला. अंत्ययात्रेला प्रचंड गर्दी लोटली. ज्याला मत नव्हते, त्याच्यासाठी बाजार बंद झाले. महिन्याभराने, १२ जानेवारी १९३१ रोजी, याच चळवळीतल्या, सोलापूरच्या मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी झाली. २३ मार्चला लाहोरला भगतसिंग आणि सुखदेव यांच्यासोबत राजगुरू फासावर गेले. राजगुरू आंबेगावच्या शेजारच्या खेडचे, जन्म तोच १९०८ चा. घोड आणि भीमेच्या खोऱ्यांतली दोन समवयस्क मुले, दोन वेगळ्या मार्गांनी, साडेतीन महिन्यांच्या अंतराने गेली.

दुसऱ्या साम्राज्यांतले कार्यकर्ते

बहिष्काराचे हत्यार एकट्या हिंदुस्थानचे नव्हते. ऑक्टोबर १९०८ मध्ये ऑस्ट्रियाने बोस्निया खालसा केला, तेव्हा ऑटोमन साम्राज्यातल्या बंदरांवरच्या हमालांनी आणि नावाड्यांनी ऑस्ट्रियन जहाजांचा माल उतरवायला नकार दिला. ऑस्ट्रियात बनलेल्या फेज टोप्या लोकांनी डोक्यावरून काढून टाकल्या. काही महिन्यांत ऑस्ट्रियाने ऑटोमन सरकारला २५ लाख लिरा भरपाई कबूल केली. १९१९ मध्ये चीनमध्ये जपानी मालावर असाच बहिष्कार झाला.

पण त्याच ऑटोमन साम्राज्यातल्या आर्मेनियन कार्यकर्त्यांना अशी जागा मिळाली नव्हती. १८७८ च्या बर्लिन तहाच्या ६१ व्या कलमात आर्मेनियन लोकवस्तीच्या प्रांतांत सुधारणा करण्याचे वचन होते. ते पाळले गेले नाही. उघड राजकारण करता येत नसल्याने हुंचाक पक्ष १८८७ मध्ये जिनिव्हात आणि दाश्नाक पक्ष १८९० मध्ये रशियन साम्राज्यातल्या तिफ्लिसमध्ये स्थापन झाला. २६ ऑगस्ट १८९६ रोजी काही दाश्नाक तरुणांनी इस्तंबूलची ऑटोमन बँक ताब्यात घेतली. युरोपचे लक्ष वेधण्याचा तो प्रयत्न होता. बँकेतले तरुण वाटाघाटींनंतर देशाबाहेर सुखरूप गेले, पण शहरातल्या हजारो आर्मेनियनांची कत्तल झाली. मारले गेलेल्यांत हमाल आणि मजूर पुष्कळ होते. २४ एप्रिल १९१५ रोजी तर इस्तंबूलमधल्या आर्मेनियन लेखक, वकील आणि पुढाऱ्यांना एकाच रात्रीत पकडले गेले आणि त्यापाठोपाठ संपूर्ण समाजाचा संहार झाला.

ही तुलना ब्रिटिशांना दयाळू ठरवण्यासाठी नाही. जालियनवाला बाग आणि सोलापूरचा लष्करी कायदा आपल्याला विसरता येणार नाहीत. तुलनेतून कळते ते असे: कार्यकर्ता कोणता मार्ग धरेल हे त्याच्या स्वभावाइतकेच साम्राज्याने कुठली जागा उघडी ठेवली आहे, यावर ठरते. मूठभर परक्या अंमलदारांना कोट्यवधी लोकांच्या श्रमावर आणि खरेदीवर राज्य चालवायचे असते, तिथे नकाराला किंमत येते. राज्यकर्त्याला एखाद्या समाजाचे अस्तित्वच नको असते, तिथे त्या समाजाच्या नकाराने त्याचे काही अडत नाही.

मग काय साधले?

सुरुवातीच्या प्रश्नाला आता उत्तर देता येते. ब्रिटनमधून हिंदुस्थानात येणारे कापड १९२९-३० मध्ये सुमारे १२४ कोटी ८० लाख वार होते. १९३०-३१ मध्ये ते ५२ कोटी ३० लाख वारांवर आले. एका वर्षात निम्म्याहून कमी.

हे सगळे श्रेय बहिष्काराला देणे मात्र बरोबर होणार नाही. जागतिक मंदीने लोकांची ऐपत घटली होती. १९३० मध्ये सरकारने कापडावरची जकात ब्रिटिश मालासाठी १५ टक्के आणि इतर देशांच्या मालासाठी २० टक्के केली होती. जपानी कापडाची स्पर्धा होतीच. पण मंदीत खप कमी झाला तरी गोदामे रिकामी करायची घाई असते आणि स्वस्तात माल विकला जातो. बहिष्काराने ती वाटही रोखून धरली.

दुसरा परिणाम कागदावर आहे. ५ मार्च १९३१ च्या गांधी-आयर्विन करारात सरकारने शांततामय निरोधन मान्य केले. जबरदस्ती नको, धमकी नको, रहदारीला अडथळा नको, अशा अटी घातल्या. ब्रिटिश मालावरचा बहिष्कार राजकीय हत्यार म्हणून थांबवण्याचे काँग्रेसने कबूल केले, पण देशी मालाचा प्रचार करण्याचा हक्क राखला. वर्षभरापूर्वी वटहुकूम काढून जो गुन्हा ठरवला, त्यालाच व्हाइसरॉयला करारात जागा द्यावी लागली. रहदारीच्या अडथळ्याची अट वाचताना काळबादेवीचा तो ट्रक आठवल्याशिवाय राहत नाही. करार फार काळ टिकला नाही आणि १९३२ मध्ये दडपशाही आणखी कडक झाली. पण सरकारला बोलणी करावी लागली, हे कोणी विसरले नाही.

> थोडक्यात
>
> • कोण : बाबू गेनू सैद, जन्म १९०८, महाळुंगे पडवळ, ता. आंबेगाव. मुंबईत गिरणी कामगार, काँग्रेसच्या तानाजी पथकाचे स्वयंसेवक.
>
> • काय घडले : १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवीला परदेशी कापडाचा ट्रक अडवताना मृत्यू.
>
> • कापडच का : लँकेशायरची सर्वांत मोठी बाजारपेठ हिंदुस्थान होती. कर आणि रुपयाचा भाव या दोन्ही मार्गांनी ती राखली जाई.
>
> • बहिष्कार कसा चाले : गिऱ्हाइकाला विनंती, व्यापाऱ्याची शपथ, जुन्या मालावर शिक्का. तिन्हींचा पाया परस्परांवरचा भरवसा.
>
> • सरकारचे उपाय : राजद्रोहाचे कलम, सहा महिन्यांचे वटहुकूम, तुरुंगातले अ-ब-क वर्ग.
>
> • परिणाम : १९३०-३१ मध्ये ब्रिटिश कापडाची आयात निम्म्याहून कमी, मार्च १९३१ च्या करारात शांततामय निरोधनाला मान्यता.

बाबू गेनूंकडे मत नव्हते, पैसा नव्हता, सुटून आल्यावर परत मिळेल अशी नोकरीही नव्हती. होते ते एक: आपल्यासारख्यांच्या हातांवाचून हे राज्य चालत नाही ही जाण, आणि त्या जाणिवेनुसार वागण्याची तयारी. म्हणून त्यांना नुसते भावनेच्या भरात जीव देणारे हुतात्मे म्हणणे हा त्यांच्यावर अन्याय आहे. ते एका शिस्तबद्ध चळवळीचे शहाणे, विचारी शिपाई होते.

जुन्नर-आंबेगावमध्ये क्वचितच एखादे घर असेल, जिथले कोणी ना कोणी मुंबईच्या गिरणीत, गोदीत किंवा बाजारात राबले नाही. त्यांतले किती जण त्या वर्षी प्रभातफेरीत चालले, किती क वर्गात राहून आले, याची नोंद कुठल्या स्मारकावर नाही. ती असलीच तर घरच्या जुन्या ट्रंकेतल्या कागदांत आणि ऐंशी-नव्वदीतल्या आजी-आजोबांच्या आठवणींत आहे. यंदा १२ डिसेंबरला पुतळ्याला हार घालाल, तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांना त्या नावांबद्दल विचारा आणि वहीत लिहून ठेवा.